मोकळ्या फोटोंचे सर

स्क्रीनवर बोट टेकवल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. माझ्या खुर्चीमागून वाकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पोपटाच्या नाहीतर पालीच्या पोटावर बोट दाबून विचारायचे, "हाऊ फोटो कोना शे?"

शहाद्यात बसस्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रोजेक्टच्या फाइली, वाढदिवसाचे बॅनर अशी कामं. आमच्या धंद्यात फोटो कोणाचा असतो हे कुणी विचारत नाही. नेटवर मिळाला की तो आपला. सर पहिल्यांदा आले तेव्हा मीही तसंच सांगितलं, "गूगलचा आहे." त्यांनी विचारलं, गूगलने हा पोपट पाळलाय का.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल, आणि ते अर्जातल्या चुका काढून तो परत पाठवतील. लोणखेड्याकडच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे, एवढं पुरे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू.

ही सवय त्यांना जन्मतः नव्हती. एकदा शाळेच्या वार्षिक अंकात त्यांनी खंड्या पक्ष्याचा नेटवरचा फोटो छापला. तो अंक फिरत फिरत नेमका फोटो काढणाऱ्याच्याच हातात पडला आणि त्याचा फोन आला. सरांनी शिव्या ऐकायची तयारी केली होती. तो माणूस शांतपणे एवढंच म्हणाला की तुम्ही विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. तो फोटो मिळावा म्हणून तो तीन दिवस ओढ्याकाठी बसला होता. सर सांगायचे, भांडला असता तर मी विसरलो असतो.

मग त्यांनी शोध लावला की जगात काही माणसं आपले फोटो स्वतःहून सोडून देतात. वापरा, खाली नाव तेवढं लिहा. काहींना नावाचीही हौस नसते. काही म्हणतात वापरा, पण त्यात बदल करू नका. सरांनी या सगळ्यांच्या अटी वहीत उतरवल्या आणि गुरांसारखी वाटणी केली: मोकळा फोटो आणि बांधेल, म्हणजे बांधलेला, फोटो. माझ्या दुकानात शिरताना ते लांबूनच ओरडायचे, "ताई, एक मोकळी घोरपड सापडली." बाकड्यावर पत्रिकेसाठी बसलेली माणसं पाय वर घ्यायची.

मोकळे फोटो मिळतात, पण जसे हवे तसे मिळत नाहीत. चिमणीचे मोकळे फोटो ढिगाने होते, पण सगळ्या चिमण्या बर्फात बसलेल्या. सरांनी त्यातली एकही घेतली नाही. आमच्या मुलांना वाटेल चिमणी फ्रीजमध्ये राहते, असं त्यांचं म्हणणं. सरड्याचा एक झकास फोटो मिळाला, पण तो 'बदल करू नका'वाल्याचा. चौकटीत बसेना म्हणून मी शेपटीचा शेंडा कापला. सरांनी तो परत लावायला लावला. "शेपूट कापायची परवानगी नाही," ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला सरड्याची माफी मागावीशी वाटली. त्या तक्त्यात अजूनही सरड्याची शेपटी शेजारच्या बेडकाच्या चौकटीत शिरलेली आहे आणि बेडूक तिच्याकडे संशयाने बघतोय.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपल्याकडचे प्राणी आपणच टिपायचे आणि जगासाठी मोकळे सोडायचे. त्यांच्या मुलाने जुना कॅमेरा दिला होता. तेव्हापासून सर उभे असलेले कमी दिसायला लागले. एकदा लोणखेडा रस्त्याच्या कडेला ते शेणकिड्यासमोर पालथे पडले होते. दोन मोटारसायकली थांबल्या, मग टमटम थांबली. कुणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. सर श्वास रोखून होते, कारण किड्याने गोळा नुकताच चढावर घेतला होता. त्यांनी हात हलवून लोकांना बाजूला व्हायला सांगितलं, त्यावरून लोकांनी ठरवलं की झटका आलाय, आणि चौघांनी मिळून त्यांना उचललं. तो फोटो आहे माझ्याकडे. किडा नाही त्यात. चार जोडी चपला आणि अर्धा कांदा आहे.

पाळीव जनावराचा फोटो काढायचा तर मालकाला विचारलं पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा नियम. तापीकाठच्या एका गावात एका म्हातारीची बकरी त्यांना आवडली. म्हातारीने विचारलं, "बकरी लेवानी शे का?"

"नही माय, फक्त फोटो काढना शे."

"मंग माले काय इचारस? बकरीले इचार."

सर हे स्वतःच सांगायचे आणि सांगताना हसायचे नाहीत. म्हणायचे, म्हातारीचं बरोबर होतं.

आता जे झालं ते सांगते.

सरांनी 'आपल्या परिसरातले साप' असा तक्ता करायला घेतला. आमच्या भागात ही नुसती अभ्यासाची गोष्ट नाही. माणसं जमिनीवर झोपतात. तक्त्यातले सगळे फोटो मोकळे, प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव. तो तक्ता आम्ही एकोणीस शाळांना वाटला. एक प्रत माझ्या दुकानात लावली. सरांनी ती लांबून, जवळून, खाली बसूनही बघितली.

महिन्याभराने एक सर्पमित्र व्हिजिटिंग कार्ड छापायला आला. उगाच तक्ता बघत उभा होता. मग त्याने तिसऱ्या ओळीतल्या एका चित्रावर बोट ठेवलं. खाली आम्ही छापलं होतं: कवड्या, बिनविषारी.

"ताई, हाऊ कवड्या नही," तो म्हणाला. "हाऊ मण्यार शे."

मण्यार म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जहाल साप. तो चावला तरी कधीकधी कळत नाही. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे. सर्पमित्राने समजावलं की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं नेमकं उलटं. ज्या परदेशी माणसाने तो फोटो मोकळा सोडला होता, त्यानेच नाव चुकीचं लिहिलं होतं. आम्ही त्याचे आभार मानून ते तसंच छापलं होतं.

मी सरांना बोलावून घेतलं. ते आले, बघितलं आणि स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर नेला नाही की स्क्रीनला बोट लावलं नाही.

"कोना शे ते इचारं, ताई," ते म्हणाले. "काय शे ते इचारंच नही."

त्याच दिवशी आम्ही फोन लावले. पंधरा शाळांनी तक्ता उतरवला. सातपुड्यातल्या चार शाळांचा फोन लागेना. सरांचा रात्रभर डोळा लागला नाही, असं काकू म्हणाल्या. रविवारी आम्ही तिघं निघालो. सर, काकू आणि मी. मी यायची गरज नव्हती, पण ते अक्षर माझ्या हाताने जुळवलेलं होतं. काकूंच्या मांडीवर डिंकाची बाटली आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. घाटातल्या पहिल्याच वळणावर डिंक सांडला आणि काकू जीपच्या सीटला चिकटल्या. पुढच्या गावात दोन बायांनी ओढून त्यांना सोडवलं. तेवढ्या वेळात सर एकदाही कॅमेऱ्याकडे वळले नाहीत, यावरून मला त्यांची अवस्था कळली.

पहिल्या शाळेत तक्ता कपाटात होता, गुंडाळलेला. रबरबँडही निघालेला नव्हता. आपली महिनोन्महिन्यांची मेहनत कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही, यावर एवढा खूश झालेला लेखक मी दुसरा बघितला नाही. सरांनी त्या गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. गुरुजी ओशाळून म्हणत होते, उद्याच लावतो. सर म्हणाले, मुळीच नको.

दुसऱ्या शाळेत तक्ता छताला टेकेल इतका उंच लावला होता. खालून सगळे साप गांडुळांएवढे दिसत होते. तिसऱ्या शाळेतल्या हौशी बाईंनी तो लॅमिनेट केला होता, त्यावर चिठ्ठी चिकटेना. लावली की पडायची. शेवटी काकूंनी पर्समधली टिकल्यांची पाकिटं काढली. त्या शाळेत मण्यारच्या खाली लाल टिकल्यांनी टेकवलेली चिठ्ठी लागली: हा मण्यार आहे, अत्यंत विषारी, आमची चूक झाली, क्षमस्व.

चौथी आश्रमशाळा होती, धडगावच्याही पुढे. तिथे तक्ता जेवणाच्या खोलीत लावलेला होता. आम्ही आत गेलो आणि बघतो तर तिसऱ्या ओळीत चौकोनी भोक. साप नाही, नाव नाही, मागची भिंत दिसत होती.

शाळेच्या सरांनी सांगितलं की स्वयंपाकीणबाईंनी भाजीच्या विळीने तेवढा तुकडा कापून चुलीत घातला. कागद खराब केला म्हणून त्यांना बोलणीही बसली होती. बाई आल्या. पावरी बोलायच्या, शाळेचे सर मराठीत सांगायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलांनी त्यांना वाचून दाखवलं होतं की हा साप काही करत नाही. त्या सापाने त्यांच्या घरातलं एक माणूस झोपेत नेलं होतं. त्यांनी मुलांना सांगितलं की कागद खोटं बोलतोय, आणि विळी आणली.

सरांनी वाकून बाईंना नमस्कार केला. बाई घाबरून मागे सरकल्या. त्यांना वाटलं हे साहेब कागदाचं विचारायला आलेत. शाळेच्या सरांना दोनदा समजावून सांगावं लागलं की चूक यांची आहे आणि तुमचं बरोबर आहे.

मग सरांनी त्यांना विनंती केली की बाकीचे सापही बघून द्या. बाई पदर खोचून एकेका चित्रापुढे उभ्या राहिल्या. नाग बरोबर. घोणस बरोबर. धामणीपाशी मान हलवली. हरणटोळपाशी आल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मग हसता हसता खालीच बसल्या. फांदीवरून लोंबणाऱ्या त्या हिरव्या सापाचं तोंड खालच्या नावाखाली झाकलं जाऊ नये म्हणून मी फोटो उलटा फिरवला होता. तक्त्यात तो शेपटीवर ताठ उभा राहून आभाळाकडे बघत होता, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा.

सरांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी नव्हती, हे त्यांनी म्हणायची गरज नव्हती. मग तेही हसायला लागले, त्या दिवशी पहिल्यांदा. काकूंना हसू आवरेना. आत जेवायला आलेली मुलंही, काय झालंय हे न कळता, हसत होती.

दुसरा तक्ता आम्ही चार महिन्यांनी काढला. मण्यारचा नवा फोटो त्या सर्पमित्राने दिला आणि मोकळाही केला. प्रत्येक चित्र आधी डोंगरावर जाऊन आलं, बाईंच्या समोर. तळाशी फोटो काढणाऱ्यांची नावं बारीक अक्षरात आहेत आणि त्यांच्या वर ठळक ओळ: तपासणी, पुढे बाईंचं नाव. सरांनी परवानगी मागितली तेव्हा बाईंनी एकच अट घातली, गावाचं नावही आलं पाहिजे. सरांनी स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, जागा उरली नाही. जागा होती. जुळणी मीच केली होती.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि मुलाकडे सुरतेला जायचं ठरलं. नंदुरबारहून बसमध्ये दोघांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. काकू पुढे खिडकीशी, सर मागे. विसरवाडीला चहासाठी गाडी थांबली. निघताना कंडक्टरने विचारलं, काकूंनी बिनधास्त सांगितलं की आमचे मागे बसलेत. नवापूर आल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं.

मला काकूंचा फोन आला. "ताई, तुमना सर गाडीमा नहीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, काळजी अजिबात नव्हती.

मी सरांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला. कुजबुजत म्हणाले की ट्रकच्या टायरवर एक नाकतोडा बसलाय, ड्रायव्हर चांगला माणूस आहे, थांबलाय बिचारा. पुढच्या गाडीने जाईन. काकूंना सांगा, नवापूरला उतरून चहा घ्या. हे सांगायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं आणि फोन ठेवला.

आता ते सुरतेला आहेत. दुकानात माझ्या खुर्चीमागे कुणी वाकत नाही. स्क्रीन स्वच्छ असते.

त्या दिवशीचा फोटो त्यांनी सुरतेला पोचल्यावर नेटवर टाकला. खाली लिहिलंय: नाकतोडा, विसरवाडी, कोणीही वापरावा. हिरवागार नाकतोडा आहे, मिशीचं एकेक कांडं मोजता येतं. मागे चिखलाने माखलेलं काळं रबर. आणि वरच्या कोपऱ्यात, अगदी पुसट, रस्त्याला लागलेली एक लाल बस. पुढच्या खिडकीत काहीतरी जांभळं दिसतं. काकूंनी त्या दिवशी जांभळं लुगडं नेसलं होतं.