सीतेची वेणी आणि सोपानआबा

सोपानआबा कुठलीही वस्तू आधी खालून बघत. खुर्ची दिली तर उलटी करून पाय तपासत आणि मगच बसत. एसटीत चालक होते तेव्हाही गाडी ताब्यात घेताना आधी वाकून खाली नजर टाकायचे, मग वर चढायचे. मूळचे मोरगावकडचे धनगर. वडिलांच्या पिढीपर्यंत घरात मेंढरे होती. "आमच्या बापानं मेंढराचं तोंड कधी आधी बघितलं न्हाय," ते सांगत. "आधी खूर. तोंड काय, बाजारात समदीच धुऊन आणत्यात."

बारामतीजवळ जळोचीला आमची घरे शेजारी शेजारी होती. मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणत. एकदा मी बाजारातून फुलांनी लगडलेला गुलाब आणला. आबांनी तो बुंध्याशी धरून हळूच हलवला, पिशवीचा तळ चाचपला आणि म्हणाले, "ह्याला मूळच न्हाय. फांदी खोचून दिलीया. नवरी बघाया गेला आन् दागिनं बघून आला तुमी!"

गुलाब पंधरवड्यात वाळला. पुढच्या वेळी ते स्वतः बरोबर आले. फुले असलेली सगळी झाडे बाजूला सारून त्यांनी एक ठेंगणे, जाड बुंध्याचे रोप निवडले. शेंड्याला नवी पालवी होती आणि पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावत होती. "तुमच्या भाषेत सांगतो," ते म्हणाले, "फूल म्हंजी झाडाचा खर्च. शिल्लक खाली असती."

असा हा माणूस मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हा मात्र फक्त पाणी बघून आला. यात हसण्यासारखे काही नाही. आई आणि बहिणी हंडा घेऊन किती लांब जात, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. लेक बागायतीत द्यावी, तिच्या डोक्यावर हंडा येऊ नये, हे कोरडवाहू भागातल्या प्रत्येक बापाचे गणित. इंदापूर तालुक्यातल्या त्या घराला कालव्याचे पाणी होते, बारमाही विहीर होती. आबांनी मला एवढेच विचारले, "भाऊसाहेब, त्यांची पाण्याची पाळी कधी चुकती का?" चुकत नाही, मी म्हणालो. ते खरेच होते. त्यांची लेक लता तेव्हा बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. शेवटची परीक्षा झाली आणि लग्न लागले.

दोन वर्षांनी एका दुपारी ती एकटीच एसटीने परत आली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात कुंडी. कुंडीतल्या काळ्या मातीत पट्ट्यासारख्या पानांचे एक रोप रुतवलेले होते. पाने सुरकुतलेली, काही पिवळी पडलेली. कॉलेजच्या सहलीत घाटात मोडून पडलेल्या फांदीवर तिला ते सापडले होते. सीतेची वेणी, ऑर्किडची आपल्या डोंगरांतली जात. सासरी जाताना तिने ते बरोबर नेले होते.

"ह्ये बांडगूळ कशाला आणलं गं?" तिच्या आईने विचारले.

"बांडगूळ नाही, आई. ते झाडाचं काही खात नाही. नुसतं धरून बसतं."

माहेरी का आली, हे ती सांगेना. आबांनी विचारलेही नाही. त्यांनी कुंडी लिंबाखाली नेऊन उपडी केली. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा होतो. माती धुतली तशी मुळे दिसली. तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरले की साल निसटायची आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा. कुजका वास आला.

"ह्ये पाण्यानं मेलंय," आबा म्हणाले.

"सासूबाई रोज तांब्याभर घालायच्या. पानं सुरकुतली की आणखी एक. मुळंच कुजली तर पानांपर्यंत पाणी जाणार कसं? मी सांगून बघितलं, याला माती नको, याची मुळं हवेत असतात. त्या म्हणाल्या, आमच्या घरात पाण्याला काय तोटा?"

आबा एकेक मूळ चाचपत होते. मऊ लागेल ते ब्लेडने कापायचे, टणक लागेल ते ठेवायचे. चांदीसारखी पांढुरकी अशी दोन-तीनच उरली. लताने कापलेल्या जागी हळद लावली. रोप काथ्याने बाभळीच्या ओंडक्याला बांधताना तिची बाही वर सरकली आणि दंडावरचे वळ आम्हां दोघांनाही दिसले.

आबांचा हात थांबला. "कवापासनं?"

"पहिल्या दिवाळीपासून."

"आन् मी चार येळा येऊन गेलो की गं!"

"तुम्ही आलात की मामंजी तुम्हाला विहीर दाखवायला न्यायचे."

आबा उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर पुष्कळ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. लता मात्र रोज सकाळी ओंडक्यावर पाणी शिंपडायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा शिंपडायची नाही. पांढरी मुळे ओली झाली की हिरवी दिसत. पुढे एका मुळाला पोपटी टोक फुटले. तिने ते मला दाखवले आणि म्हणाली, "आता हे जगेल." पण आबांना घोर रोपाचा नव्हता. लेकीला परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे, हे त्यांना ठरवायचे होते.

एके दिवशी इंदापूरहून जीप आली. सासरे, दोन वडीलधारे, आणि मध्यस्थ म्हणून आबांचे सख्खे भाऊ तात्या. लता स्वयंपाकघरात होती.

"सोपानराव, संसारात भांड्याला भांडं लागतंच," सासरे म्हणाले. "सूनबाईला नांदायला पाठवा. आमच्यात कमी काय हाय?"

"कमी कायबी न्हाय," आबा म्हणाले. "म्हणून तर मला दोन वर्सं कळलं न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी पोरगी येणार न्हाय."

तात्या उसळले. "दादा, माझ्या दोन पोरी उजवायच्या हायत! कोण दारात यील माझ्या?"

आबांनी मान खाली घातली, पण शब्द फिरवला नाही. पाहुणे चहाला हात न लावता उठले. तात्यांच्या मुलींची लग्ने झाली तेव्हा आबांच्या घरी पत्रिका आली नाही. भावकीने जाणेयेणे तोडले. लता एका शाळेत शिकवू लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात ओंडक्यावर जांभळट-पांढऱ्या फुलांचा लांब तुरा लोंबला. गल्ली बघायला आली, आबा मात्र ओट्यावर बसून राहिले. दर चार-आठ दिवसांनी मला विचारायचे, "भाऊसाहेब, मी बरोबर केलं का?" मी हो म्हणायचो. त्यांचे समाधान होत नसे. तात्यांच्या पोरींचे नाव काढत.

पुढे छातीत दुखून त्यांना दवाखान्यात ठेवले. शेवटच्या संध्याकाळी मी तिथेच होतो. लता पाय चेपत होती. त्यांनी तोच प्रश्न काढला, पण प्रथमच तिच्याकडे बघून. "पोरी, तुला ठिवून घेतलं, चुकलं का माझं?"

ती म्हणाली, "आबा, देताना मला विचारलं नाही. ठेवून घेतानाही नाही. मी आत उभी राहून सगळं ऐकत होते. मला विचारलं असतं तर सगळ्यांसमोर मीच सांगितलं असतं. ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं."

आबा उशीवरून थोडे वर सरकले. "मग आता सांग," ते म्हणाले.

लता खाटेशेजारी उभी राहिली. खोलीत आम्ही तिघेच होतो, तरी तिने मोठ्याने, शाळेत बोलतात तसे सांगितले, "मी त्या घरी जाणार नाही."

"व्हय," आबा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.