शेळगावच्या आक्कांचा पलंग

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, ते मला नीट कळत नाही, आणि अक्षर तर कोंबडीनं माती उकरावी तसं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

गुडघ्याचं माप घ्यायला मी सुतळी घेऊन वाकले, तर आक्कांनी लुगडं पोटऱ्यांशी गच्च आवळून धरलं.

“मिस्तरीण, माप पलंगाचं घ्यायचं का माझं?”

“तुमचंच, आक्का. टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत.”

आमचं सुतारकामाचं दुकान बारामतीला. करवतीचं एक टोक यांच्या हातात, दुसरं माझ्या. पण गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी जात नसे. या वेळी गेले, कारण परक्या बाईच्या पायाला यांनी सुतळी कशी लावायची? हे तात्यांबरोबर पडवीत बसले आणि मला आत पाठवलं.

तात्या आक्कांचे मालक. कालव्याच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो लावायचे. ऑर्डर त्यांचीच. आक्कांचे गुडघे धरले होते. जमिनीवर आडव्या झाल्या की एकट्यानं उठता येईना. बाजेवर तर आणखी वाईट. बाजेची सुंभं झोळीसारखी खाली जातात, माणूस खड्ड्यात बसतं. पहाटे तात्या काखेत हात घालून उठवायचे. सुनेसमोर तसं उठवून घ्यायची आक्कांना इतकी लाज वाटे, की त्या खांबाला टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या.

म्हणून फळ्यांचा पलंग. वरून सपाट, टणक. बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, तर हातानं कडेला रेटा देऊन माणूस आपलं आपण उठतं. पलंगाचं सगळं काम या उंचीत असतं. आक्कांचं माप हाताला दोन बोटं कमी भरलं.

मी सुतळीला गाठ मारली, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, “एवढा उंच? अगं, हितं माझं देव हायेत.”

मधल्या घरात वीतभर उंचीचा मातीचा ओटा, त्यावर देव. पलंगाला जागाही तिथंच. पडवीत तात्या झोपायचे आणि रात्री-अपरात्री गडीमाणसांची ये-जा. बाईमाणसाला तिथं जागा नव्हती.

“देवाच्या डोस्क्यावर पाय करून झोपू व्हय? वीतभर करा. न्हायतर नगं.”

मी बाहेर येऊन यांना बाजूला बोलावून सांगितलं. यांचा नियम एकच. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. त्यांनी वीतभराचा पलंग केला. पाय बाभळीचे, फळ्या आंब्याच्या. चौकट कुसवांनी जोडली. कुसू म्हणजे लाकडाचं बारीक केलेलं टोक. ते दुसऱ्या लाकडाच्या भोकात ठोकून बसवतात. फळ्या मात्र ठोकल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या. ढेकूण झाले तर उचलून उन्हात टाकता येतात. तेलाचं पॉलिश मी केलं.

गाडीत घालून पलंग शेळगावला नेला. आक्का त्यावर बसल्या त्या धपकन. उठायला गेल्या तर उठवेना. एकदा रेटा दिला, दोनदा दिला. शेवटी तात्यांनीच काखेत हात घातले. सून दारात उभी होती. आक्कांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

तात्या यांच्यावर उखडले. “मिस्तरी, पलंग केलाय का जेवायचा पाट?”

“आक्कांनीच उंची सांगितली, तात्या.”

“ती काय, जल्मभर सांगत आलीया. मी ऐकलं का कधी?”

“ऐकलं असतं तर गुडघं शाबूत ऱ्हायलं असतं माझं,” पदराआडून आक्का बोलल्या.

“हे बघा, माझा इसार परत द्या आन् घेऊन जा ह्ये.”

इसार म्हणजे ऑर्डर देताना दिलेले आगाऊ पैसे. ते फळ्यांत गेले होते, वर वखारवाल्याची उधारी होतीच. तरी हे म्हणाले, “देतो.”

पुरुषांच्या बोलण्यात मी पडत नाही. खाली मान घालून उभी होते, म्हणून देवांकडे नजर गेली. चांदीचे नाजूक टाक, आणि प्रत्येकाला गंध राणीछाप रुपयाएवढं. नाक-डोळे काही दिसेनात.

मी हळूच विचारलं, “आक्का, पूजा कोण करतं?”

“ह्येच की. अंगठ्यानं लिंपत्यात. खंडोबाला दिसंना झालं असंल आता.” मग आवाज बारीक झाला. “मला खाली बसाय येतंय कुठं? दिवाळीपास्नं हात लावला न्हाय देवांना.”

मला एकदम दिसलं. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “आक्का, जागा तीच ठेवू. भिंतीला उंच देव्हारा करू. तुम्हाला उभ्यानं गंध लावता येईल.”

आक्कांनी ओट्याकडं बोट केलं. “सासूबाईंनी बसवल्यात त्ये.”

“हलवायचे नाहीत. फक्त वर घ्यायचे.”

“माझ्या छातीला यायला पायजेत.”

“तेवढेच करू.”

मग त्यांनी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मिस्तरी, पलंग ऱ्हाऊ द्या. देव बुटकं झाल्यात, त्येंची उंची वाढवा.”



कापलेल्या पायाला जोड देता येत नाही. जोडावर भार पडला की तो निखळतो. यांनी चार नवे पाय केले, हाताला दोन बोटं कमी, सुतळीच्या गाठीबरहुकूम. देव्हाऱ्याला फळी पुन्हा वखारीतून उधार आणली. त्याच्या उंचीसाठी आक्कांच्या छातीचं माप मीच घेतलं. या वेळी त्यांनी लुगडं आवळलं नाही.

देव त्यांनी स्वतः उचलून वर ठेवले. खंडोबाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि करंगळीनं गंध लावलं. मग पलंगावर बसल्या. टाचा टेकल्या. कडेला हात रेटून उठल्या. परत बसल्या, परत उठल्या. हसूच आवरेना त्यांना. सुनेला म्हणाल्या, “बघ गं.”

“जरा मला बघू दे,” म्हणून तात्या आडवे झाले आणि घोरायलाच लागले.

“उठा, माझा हाय त्यो!”

नव्या पायांचे पैसे यांनी मागितले नाहीत. पहिलं माप धरलं नाही ही चूक आपली, असं ते म्हणाले. मी एवढंच शिकले की माप घेताना माणूस काय सांगतं ते तर ऐकावंच, पण त्यानं काय करायचं सोडलंय तेही बघावं.

बाजाराच्या दिवशी आक्का वांग्याच्या गाडीत बसून आमच्या दुकानात आल्या. तात्यांकडची बाकी त्यांनी मोजून दिली, आणि देव्हारा फुकट घ्यायचा नाही म्हणून त्याचे पैसे आपल्या कनवटीचे दिले. हे तसेच उठून वखारीत गेले आणि सगळी उधारी फेडून आले.