खाराच्या ड्रमाची पूजा

लढाईच्या दिवसांत बाहेरून येणारा साबण आटला आणि आमच्या वाशिमातल्या एका शेठजींना देशसेवेची उबळ आली. घरची तेलघाणी होती, सरकीचं तेल पडून होतं, मालेगावच्या रस्त्याला एक टिनाची शेड रिकामी होती. तेवढ्यावर त्यांनी साबणाचा कारखाना काढला. कमी होता तो फक्त साबणातलं काही कळणारा माणूस. वर्षभर तसंच रेटल्यावर ती उणीव भरायला मला नेमलं. मी नागपुराहून बी.एस्सी. होऊन आलो होतो, दोन वर्षं घरी बसून आईच्या हातच्या भाकरी मोडत होतो, आणि साबण आयुष्यात फक्त अंगाला लावला होता.

साबण करायचा तर तेलात कॉस्टिक सोडा लागतो. तो लोखंडी ड्रमातून यायचा, पांढऱ्या खड्यांचा; कामगार त्याला नुसतं 'खार' म्हणत. दिसायला खडीसाखर, स्वभावाने जमदग्नी. खड्यांवर पाणी पडलं की तापतो, उकळतो, अंगावर उडतो. कातडीला लागला तर ती सोलतो आणि डोळ्यात गेला तर डोळा ठेवत नाही.

डोळा ठेवत नाही म्हणजे काय, ते पाहायला पुस्तक उघडावं लागत नव्हतं. कढईवर साबण घोटायला एक मावशी होती. मी येण्याच्या आदल्या वर्षी तिचा डावा डोळा खाराने गेला होता. तरी शेठजींनी तिला कामावरून काढलं नाही! हा स्वतःचा मोठेपणा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि तोही तिच्यादेखत. मावशी ऐकून घेई. तिने मात्र आपली एक रीत बसवली होती. कढई असो की ड्रम, ती कायम डावा खांदा पुढे करून उभी राही. गेलेला डोळा खाराकडे, उरलेला भिंतीकडे. पहिल्याच दिवशी मी तिला शहाणपण शिकवलं, "मावशी, सरळ उभ्या राहा, काम नीट दिसेल."

"एक देल्ला त्याले," ती म्हणाली. "आता दुसरा कायले दाखू?"

आल्या आल्या मी कारखान्यात सुरक्षिततेची चोख व्यवस्था केली, म्हणजे एक बोर्ड रंगवला. पहिला नियम: 'ड्रममध्ये पाणी पडू देऊ नये.' त्याखाली आणखी अकरा. शुद्धलेखनाची एक चूक सापडली नसती. शेडमध्ये वाचता येणारी माणसं दोनच, शेठजी आणि मी, त्यांतले शेठजी चष्मा घरी विसरत. मी मात्र तो बोर्ड रोज वाचत असे, स्वतःच्या वळणदार अक्षरावर खूश होऊन.

त्याच पहिल्या नियमाच्या जोरावर मी मावशीचा पाण्याचा माठ शेडबाहेर काढायला लावला. ती म्हणाली, "अवो साहेब, खार उडला तं धुवाले पाणी कुठून आणू? हीर तं पार त्या धुऱ्यावर हाय!" विहीर लांब शेताच्या बांधावर होती हे खरं, तरी मी तिला पाणी आणि कॉस्टिक यांचं वैर सविस्तर समजावलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी माठ दाराआड, पोत्याखाली. मी रागावलो, ती हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी माठ तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनाशी म्हणालो आणि नाद सोडला.

मग दसरा आला. तेलघाणीची पूजा दरवर्षीचीच, यंदा शेठजी म्हणाले, "घाणीचं राहू द्या, खरी बरकत त्या ड्रमात हाय. त्याची पूजा करू." नवाकोरा ड्रम शेडच्या मधोमध आणला, झाकण काढलं, झेंडूचा हार घातला. शेठजी समोर, मी त्यांच्या उजव्या हाताला, मावशी पूजेचं ताट घेऊन डावा खांदा पुढे करून उभी. बाकीचे कामगार मागे.

शेठजींनी ड्रमाच्या काठाला हळदीचं बोट ओढलं. पिवळा पट्टा बघता बघता लाल झाला. शेठजींचे डोळे भरून आले. "देवी पावली! हळदीचं कुंकू झालं!" अहो, काठावर खार ओलावून पाझरला होता, आणि हळदीला खार लागला की ती लाल होते. लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणाने धुणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं. मी तर बी.एस्सी. मी काय केलं? मी हात जोडले.

शकुन झाल्यावर शेठजींना कोण आवरणार? त्यांनी नारळ ड्रमाच्या काठावरच फोडला. पाणी आतल्या खड्यांवर पडलं, चर्र झालं, वाफ वर आली. "पाह्यलं? देवी बोलून राह्यली!" असं म्हणत त्यांनी ताटातला पाण्याने भरलेला तांब्या उचलला.

आता काय होणार हे त्या शेडमध्ये मला सर्वांत जास्त कळत होतं. 'थांबा' एवढा एक शब्द बोलायचा होता. पण नोकरी नवी, पूजा शेठजींची, चारचौघांत त्यांचा हात कसा धरायचा? मी मूग गिळून उभा राहिलो. भीती असती तर एक वेळ चाललं असतं. ती भीड होती, आणि तिची लाज मला आजही वाटते.

मावशीला भीड नव्हती. तिने ताट टाकून दिलं, "मांगं सरा!" म्हणून ओरडली आणि शेठजींच्या मनगटावर फटका मारला. तांब्या निसटला, पण पाणी बरंचसं आतच गेलं. ड्रम फुसफुसू लागला. तिने झाकण उचललं. झाकण तोंडावर नेमकं बसवायचं तर बघावं लागतं, म्हणून तिने ड्रमाकडे पूर्ण तोंड वळवलं, उजव्या डोळ्यासकट. झाकण बसलं. बसता बसता फटीतून एक चिळकांडी उडाली, आणि मावशी उजव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसली.

मग धावपळ! शेठजी म्हणाले लोणी आणा. आणि मला पुस्तकातलं एक वाक्य आठवलं, खारावर आम्ल. मी लिंबू शोधायला दाराकडे धावलो. माझ्या विद्वत्तेला काय म्हणावं! "पाणी!" मावशी ओरडली. "त्या पोत्याखाली हाय! पाणी टाका!"

मी मागे फिरलो. तिच्या पापण्या बोटांनी फाकवून धरल्या आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिलो. ती गुरासारखी ओरडत होती, पण हलली नाही. माठ संपेपर्यंत बाकीच्यांनी विहिरीवरून घागरी आणल्या.

डॉक्टरांनी डोळा बांधला आणि म्हणाले, पट्टी सोडल्याशिवाय काही सांगता येत नाही. आठ दिवस मावशी आंधळी होती, आणि पुढे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. मनगटावर फटका मारल्याबद्दल शेठजींनी तिला मोठ्या मनाने माफ केलं, तेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. दहाव्या दिवशी ती कामावर हजर. डोळा लालभडक, पण वाचलेला. पदराच्या गाठीतून तिने आपट्याची वाळलेली पानं काढून माझ्या हातावर ठेवली. "सोनं द्याचं राह्यलं होतं, साहेब."

मग ती बोर्डाखाली जाऊन उभी राहिली, डोळा बारीक करून वर बघत.

"साहेब, ते सगळ्यात वर काय लिवलं हाय? वाचा ना जरा."

"ड्रममध्ये पाणी पडू देऊ नये," मी वाचलं.

ती माझ्याकडे वळली. या वेळी खांदा पुढे केला नाही, चांगला डोळा सरळ माझ्यावर.

"म्हंजे तुमाले वाचता येते!"