हाच समुद्र समज

फिरून आलं की बॅगेतले कपडे धुऊन वाळतात, किस्से मात्र ओलेच राहतात! आम्ही फुलचूरचे, रोज सकाळी सोबत फिरणारे तिघं मित्र: भूगोलाचे रिटायर मास्तर बिसेन सर, किराणावाले कटरे आणि मी. यंदा बायकांसह माल्टा बेटावर जाऊन आलो.

निमित्त बिसेन वहिनींचं. लग्न झाल्या झाल्या सरांनी त्यांना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पण सुट्टी लागली की न्यायचे नवेगावबांधच्या तलावावर. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसवायचे आणि म्हणायचे, "हाच समुद्र समज!" अख्खा संसार असा पाळीवर गेला.

"मग गोवा काय वाईट होता?" मी विचारलं.

"इतकी वर्षं थांबवून गोवा दाखवला तर मार खाईन ना जी!"

*

माल्टात गाईडने आम्हाला ऑलिव्हचं फार जुनं झाड दाखवलं. फळांपासून तेल काढतात म्हणाला.

कटरे म्हणाले, "आमच्या मोहाचं तेलबी निघते अन् दारूबी. याची निघते का?"

गाईडने नाही म्हणून मान हलवली.

"एवढं जुनं झालं, अन् चढत नाही? फुकट गेलं झाड!"

*

दुपारी तिथली बरीच दुकानं बंद. कटरे एका शटरसमोर गहिवरून उभे राहिले.

"मी गल्ल्यावर झोपलो तर आळशी, अन् हे झोपले तर कल्चर!"

परत आल्यापासून त्यांचं दुकानही दुपारी बंद असतं. कटरे वहिनी माल्टाच्या नावाने बोटं मोडतात.

*

किल्ल्याच्या तटावर सरांनी वर्गच घेतला. "इथे पाऊस हिवाळ्यात पडते." पोरांनी हे वर्षानुवर्षं मुकाट्याने लिहून मार्क मिळवले होते.

बिसेन वहिनींना भातलावणीची काळजी पडली. त्यांनी विचारलं, "मंग धानाचा रोवणा कवा करतेत?"

सरांनी गाईडकडे पाहिलं. गाईडने बसकडे.

*

पहिल्या सकाळचा किस्सा मी मुद्दाम मागे ठेवला. बस किनाऱ्यावर थांबली. निळंशार पाणी, पार आभाळापर्यंत! बिसेन वहिनी चपलांसकट चालत गेल्या, लुगड्याचा काठ भिजला तरी थांबल्या नाहीत. मग नुसत्या उभ्या.

सरांचा चेहरा रिझल्टच्या दिवशीच्या पोरासारखा झाला. खरं सांगतो, मला त्यांची दया आली.

"काऊन, आवडला नाही काय?" सरांनी विचारलं.

वहिनींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"याची पाळ कुठे हाय जी?"

"समुद्राले पाळ नसते."

"मंग इतकी वर्षं मले पाळीवर कायले बसवलं?"