नको म्हणजे मांजर

तुमच्यापैकी थोरल्यानं मला एका रायफलीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘आजी, पॉइंट टू टू घे आणि वर रात्रीची दुर्बीण लाव. माझ्या मित्राचे बाबा रॅकून असेच मारतात.’ तुमच्या अमेरिकेत मारत असतील. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते लांबलचक होतं. आता देते. धाकटीला मराठी वाचायचा कंटाळा येतो, तरी तिनंही वाचावं.

पॉइंट टू टू मला ठाऊक आहे. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत मी ती चालवली आहे, आणि मुलांपेक्षा बरी चालवली आहे. इथं जपानात मात्र तेवढ्या बारीक नळीची रायफल शिकारीला चालत नाही. मोठी हवी असेल तर आधी दहा वर्षं शॉटगन नीट सांभाळून दाखवावी लागते, म्हणजे माझी ऐंशी उलटणार. शिवाय सूर्य मावळल्यावर शिकारीसाठी गोळी झाडणं हा गुन्हा आहे. आणि उदमांजर काय, रॅकून काय, बाहेर पडतात ती रात्रीच. म्हणून इथं जनावर रात्री पिंजऱ्यात सापडतं आणि माणसाला सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. माझी गोष्ट त्या सकाळची आहे.

आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही एदोगावातला फ्लॅट सोडून इकडे चिबाच्या खेड्यात आलो, हे तुम्हाला माहीत आहे. घरामागच्या तुकड्यात मी भुईमूग लावते. पहिल्या वर्षी काढणीच्या आधीच अर्धे वेल उपटलेले, शेंगा फोडून खाल्लेल्या. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं नगरपालिकेची परवानगी काढून त्याच्या आणि माझ्या वावराच्या मध्ये पिंजरा लावला. लवकरच त्यात उदमांजर सापडलं. कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, आणि डोळे एकटक माझ्याकडे. शेजाऱ्यानं पिंजरा उचलला आणि जनावरासकट पाण्याच्या टाकीत सोडला.

किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. पुष्कळ लागला.

“शिकाता नाई,” शेजारी म्हणाला. म्हणजे, काय करणार, इलाज नाही. इथं लोक हे शब्द वापरून पुष्कळ गोष्टींवर झाकण घालतात.

मी म्हटलं, “इलाज आहे.”

पिंजरा काढा म्हटलं असतं तर तो चार पावलं सरकून शेजाऱ्याच्या वावरात गेला असता. त्याचंही पीक आहे, त्यालाही पोट आहे. जीव जाणारच असेल तर तो पाण्यात तडफडून जाऊ नये, एवढंच माझ्या हातात होतं. मी एअरगनच्या परवान्यासाठी नाव दिलं.

घरात गोंधळ झाला. आजोबा म्हणाले, “अगं, आपल्या शाकाहारी घरात बंदूक? लोक काय म्हणतील?”

“अहो, इथं लोक आहेत कुठं?”

तुमच्या आईनं फोनवर ठणकावलं, “आई, नको म्हणजे नको.” टाकीचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिला रात्री झोप लागावी असं मला वाटत होतं.

पोलिसांच्या वर्गाला बसून जपानीतून लेखी परीक्षा दिली. पास झाले. मग दुकान. इथं आधी बंदूक निवडायची आणि मग त्याच एका बंदुकीसाठी परवाना मागायचा, अशी रीत आहे. दुकानदारानं मला वाकून नमस्कार केला आणि सगळं बोलणं आजोबांशी सुरू केलं. त्यांना कोणती हवी, त्यांच्या खांद्याला कोणती पेलेल.

आजोबा म्हणाले, “मी फक्त गाडी चालवतो.”

मग तो माझ्याकडे वळला. साडेचार मिलिमीटरची हलकी होती, पण ती निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी बरी. सव्वासहाची ताकदवान, आणि दुकानदाराचा ओढा तिच्याकडे, कारण ती महाग. पिंजऱ्यातल्या जनावरावर हातभर अंतरावरून ताकद दाखवायची नसते, हात स्थिर लागतो. मी साडेपाचची घेतली. एका वेळी एकच छर्रा भरायची.

“ओकुसान, दहा छर्ऱ्यांची सोयीची पडेल,” तो म्हणाला. ओकुसान म्हणजे बाईसाहेब.

“दुसरा छर्रा सोयीचा असला की पहिला निष्काळजी होतो,” मी म्हटलं. हे एनसीसीतलं ज्ञान.

मग पोलीस अधिकारी घरी आला. बंदुकीचं पोलादी कपाट भिंतीला घट्ट ठोकलं आहे का, घरात भांडणं होतात का, कोणी पितं का, हे सगळं बघायची आणि विचारायची पद्धत आहे. तो सभ्य होता. मी चहा केला. आजोबांची त्यानं वेगळी विचारपूस सुरू केली. “ओकुसान या बंदुकीनं नक्की काय मारणार आहेत?”

नेमक्या त्याच क्षणी मी किटली घेऊन वाकले आणि आजोबांना विचारलं, “अजून घालू?”

आजोबांनी कपावर हात ठेवला. “नको, नको.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. “नेको?”

जपानीत नेको म्हणजे मांजर. आजोबांना वाटलं, पाहुणा कौतुकानं आपला शब्द शिकतो आहे. तीस वर्षं इथल्या ऑफिसात मान डोलवून ‘हाय, हाय’, म्हणजे हो, हो, म्हणायची सवय. ते हसून म्हणाले, “हाय! नको.”

शेजाऱ्याचं पिवळं मांजर नेहमीप्रमाणे आमच्या कट्ट्यावर ऊन खात बसलं होतं. अधिकाऱ्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मी घाईघाईनं सांगितलं, आमच्या भाषेत नको म्हणजे पुरे. माझा इरादा उदमांजराचा आहे.

आजोबांना मदत करायची हुक्की आली. “म्हणजे तेही एक प्रकारचं मांजरच. आमच्या भाषेत त्याच्या नावातच मांजर आहे.”

“अहो, तुम्ही गप्प बसता का?”

अधिकाऱ्यानं वही मिटली. दात-ओठांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, “मुझुकाशी देस ने.” शब्दशः याचा अर्थ, अवघड आहे. खरा अर्थ, नाही. पुढं हळूच म्हणाला, तुमचं वय झालं आहे, भाषेचे गैरसमज होतात, अर्ज तूर्तास मागे घेतलात तर सगळ्यांनाच बरं.

इतकी वर्षं इथं राहून मी ‘मुझुकाशी’ ऐकलं की वाकून घरी जायला शिकले होते. त्या दिवशी वाकले नाही. म्हटलं, “नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा आणि कारण द्या. अर्ज मी मागे घेणार नाही. हा शब्द तर मी आत्ता सिद्ध करून दाखवते.”

मी तुमच्या आईला फोन लावला, स्पीकरवर. तुमच्याकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

“हं, बोल गं आई.”

“मी ती बंदूक घेऊ का?”

“नको! किती वेळा सांगू? नको, नको, नको!”

अधिकाऱ्याला हसू आवरेना. पण पोलीस तो पोलीस. हसू पुसून त्यानं विचारलं, “म्हणजे तुमच्या मुलीचा विरोध आहे?”

इथं घरच्यांचा विरोध असला की परवान्याचं घोडं अडतं. गोड बोलून मला वेळ मारून नेता आली असती. मी म्हटलं, “हो, आहे. कारण मी तिला अर्धंच सांगितलं आहे.” आणि पाण्याच्या टाकीची ती सकाळ आधी जपानीत सांगितली, मग मराठीत. टाकी खिडकीतून दिसत होती. अधिकारी तिकडे बघत राहिला.

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग तुमची आई म्हणाली, “पिंजऱ्यासकट?”

“पिंजऱ्यासकट.”

“मग... मी नको म्हणत नाही. पण हो म्हणतेय असंही समजू नकोस.”

“काय म्हणाल्या?” अधिकाऱ्यानं विचारलं.

मी सांगितलं, “नको म्हणत नाही, म्हणाली.”

त्यानं वही उघडली आणि मला दिसेल अशी धरून ‘नेको’ या अक्षरांवर आडवी रेघ मारली. खाली उदमांजराचं जपानी नाव लिहिलं, हाकुबिशिन. निघताना तो शेजाऱ्याकडेही गेला. शेजारी बहुधा माझ्याबद्दल बरं बोलला असावा. परवाना आला.

पिंजऱ्यात पुन्हा उदमांजर सापडलं, त्या पहिल्या सकाळी माझा नेम चुकेल असं आजोबांना वाटत होतं. आदल्या दिवशी मलाही वाटत होतं. ऊन वर आल्यावर मी श्वास सोडला, मग बोट दाबलं. एक छर्रा लागला, दुसरा भरावा लागला नाही. शेजाऱ्यानं टोपी काढली. मला त्यात आनंद झाला नाही, आणि तुम्हालाही व्हायला नको. मारणं हे मारणंच.

आता पिंजऱ्यात काही सापडलं की शेजारी टाकीकडे जात नाही, कुंपणाशी येऊन मला हाक मारतो. आजोबा पांघरुणातून म्हणतात, “आज नको गं, गारठा आहे.”

मी म्हणते, “मांजर नाही, उदमांजर,” आणि कपाटाची किल्ली घेते.