बहिऱ्या पिकलला घातलेल्या हाका

टोलेफसनांचं मोटारघर हलणार असलं की आमच्या अख्ख्या तळाला आधी ऐकू यायचं. लव्हर्न बाहेर उभी राहून पायपुसणं झटकायची, खुर्च्या मिटायची आणि एकेक नाव घेऊन ओरडायची. आर्विड चालकाच्या जागेवर बसून आतून उत्तर द्यायचा.

"अँटेना?"

"खाली!"

"गॅस?"

"बंद!"

"पायरी?"

"तू चढलीस की आत!"

"पिकल?"

"आत!"

मग लव्हर्न चढायची, दार लागायचं आणि ते धूड खडखडत निघायचं. आम्ही खुर्च्यांत बसून हसायचो. पण हसणाऱ्यांची काय गत होती तेही सांगतो. कॅन्ससच्या एका गड्यानं पाण्याची नळी न काढताच गाडी हाकली आणि नळीबरोबर नळाचा खांबही शहरापर्यंत फरपटत नेला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तर हा आपला प्रत्येकाला हात दाखवून रामराम करत होता. मी स्वतः एकदा अँटेना वर ठेवून पालो व्हर्देच्या झाडाखालून गेलो. माझी मेव्हिस अजून कुठलंही झाड दिसलं की मला विचारते, "वाकू का?"

टोलेफसनांचं तसं कधीच झालं नाही. आर्विडनं मिनेसोटाच्या उत्तर टोकाला सगळी हयात शाळेची बस चालवली. तिकडे थंडी अशी की थुंकी खाली पडेस्तोवर तिचा खडा होतो. तिथल्या बसवाल्यांचा एक नेम असतो. शेवटचं पोर उतरलं तरी बस सोडून जायचं नाही. पार मागपर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं, कुणी झोपलेलं राहिलंय का. राहिलं तर त्या थंडीत सकाळपर्यंत संपलंच. आर्विडनं एकही पोर कधी मागं ठेवलं नाही. ही बढाई तो स्वतः मारत नसे, लव्हर्न मारायची, आणि आर्विड कानापर्यंत लाल होऊन खाली बघत बसायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर भाच्याला दिलं, एक जुनं मोटारघर घेतलं आणि बर्फ पडायच्या आत ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरायला लागली. आम्ही सगळीच तशी, हिवाळी पाखरं. सरकारी माळरान, चहूकडे खडी, मधून सग्वारो निवडुंग हात वर करून उभे, आणि दुपारी चार वाजता सगळ्यांच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. त्या गोलात आर्विडच्या मांडीवर पिकल असायची. ही डॅक्सहुंड जातीची कुत्री. पाय बोटभर आणि अंग लोणच्याच्या बरणीतल्या काकडीसारखं लांबट, म्हणून नाव पिकल. म्हातारी झालेली, कानानं ठार बहिरी, आणि प्रवासात सबंध वेळ मागच्या बिछान्यावर रजईखाली. रजईचा उंचवटा दिसला की पिकल आहे असं समजायचं.

त्या सोमवारी सकाळी टोलेफसन निघाले. शहरात जाऊन मैल्याची टाकी रिकामी करायची, वाणसामान भरायचं, आणि पुढं दक्षिणेकडच्या डोंगरांत थोडे दिवस राहायचं, असा बेत. सोमवारी त्या टाकीच्या जागी ही मोठी रांग लागते. पलीकडच्या बाजूला एका ओरेगॉनवाल्याचं बंगल्याएवढं मोटारघर गुरगुरत होतं. त्याच्या मागं उभं राहायचं म्हणजे दुपार गेली! आर्विडचा डोळा बाजूच्या आरशात, त्या ओरेगॉनवाल्यावर. बाहेरून लव्हर्नचं चाललेलं, अँटेना, गॅस, पायरी. हा उत्तरं देत गेला. निघाले, आणि रांगेत पहिला नंबर लागला.

त्याच दिवशी दुपारी चारच्या गोलात आम्ही बसलो होतो, तोच टोलेफसनांची गाडी धुरळा उडवत परत आली. लव्हर्न गाडी थांबायच्या आधीच खाली उतरली.

"पिकल आहे का इथं? कुणी पाहिली का?"

कुणीच पाहिली नव्हती. जेवायला थांबल्यावर तिनं रजई उचलली, तर खाली उशी.

"माझंच चुकलं," लव्हर्न रडत म्हणाली. "आर्विड 'आत' म्हणाला तेव्हा ती आतच होती. मी चढताना जाळीचं दार धरून ठेवलं, पायपुसण्यातला खडा काढायला. तेवढ्यात माझ्या पायांतून निसटली असणार. माझ्या हातानं घालवली मी तिला!"

मेव्हिसनं तिला पोटाशी धरलं. आर्विड गाडीच्या पायरीवर उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

मग सगळा तळ कामाला लागला. वाळवंटात हरवलेल्या कुत्र्याला फार वेळ नसतो. कायोटी म्हणजे कोल्ह्यांचे थोरले भाऊच, शिवाय मोठी घुबडं. पिकल तर एका घुबडाच्या जेवणाएवढी. कुणी गोल्फची गाडी काढली, कुणी सायकल. लव्हर्ननं आर्विडचे न धुतलेले सदरे झुडपांवर टांगले, वासावर यावी म्हणून. सदऱ्यांचा वास असा की कायोटीही वाट बदलून गेले असतील. मेव्हिस उघड्यावर बेकन तळत बसली, आणि तळावरची बाकी सगळी कुत्री तिच्याभोवती येऊन बसली, एक पिकल सोडून.

मी आणि आर्विड कोरड्या ओढ्यातून चाललो. तो सारखा ओरडत होता, "पिकल! ए पिकल! ये गं बाई!"

"अरे म्हाताऱ्या, ती बहिरी आहे ना?"

"माहितेय."

"मग घसा कशाला फोडतोस?"

"गप्प राहवत नाही," तो म्हणाला. आणखी थोडं चाललो. एका झुडपाखाली वाकून बघता बघता, वर न येताच तो म्हणाला, "मी बघितलंच नव्हतं."

"काय बघितलं नव्हतंस?"

"मागं. तिनं 'पिकल?' विचारलं आणि मी 'आत' म्हणालो. मान वळवली नाही. त्या ओरेगॉनवाल्याकडे बघत होतो."

मी म्हणालो, "मग असं कर, आत्ता जा आणि सांग लव्हर्नला. ती स्वतःचा जीव जाळतेय."

"सांगतो. कुत्री सापडली की सांगतो."

"आणि नाही सापडली तर?"

तो उठून पुढच्या झुडपाकडे निघाला. पुन्हा ओरडायला लागला. मी गड्याला फार टोचलं नाही. असं वाटलं, नवरा-बायकोतली गोष्ट आहे, त्यानं त्याच्या तोंडानं सांगावी.

दुसऱ्या दिवशीही तेच. लव्हर्नच्या घशाखाली घास उतरेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगत बसे, जाळीचं दार, पायपुसणं, खडा. सांगताना हात पुढं करून दाखवायची, दार कसं धरलं होतं ते. ऐकणारे म्हणायचे, अगं, होतं असं. ती म्हणायची, "आर्विडच्या हातून झालं असतं का? तूच सांग!" आणि आर्विड तिथंच कॉफीचा पेला धरून उभा. एकदा तिनं त्याचा हात धरून विचारलं, "तू मला एक शब्द बोलला नाहीस रे. रागाव तरी एकदा!" आर्विडनं तिचा हात थोपटला आणि परत ओढ्याकडे निघून गेला. मी मागं गेलो नाही. त्याला हाका मारताना लांबून ऐकत होतो. घसा बसला होता, हाक कसली, खरखर नुसती.

संध्याकाळी लव्हर्न मेव्हिसला म्हणाली, "आम्ही मोटारघर विकणार. परत नाही यायचं इकडं. ज्या बाईला दार लावता येत नाही तिनं फिरू नये."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वळणावरून विनी सायकल ढकलत आली. ही विनी म्हणजे दगडं गोळा करणारी बाई, लांब एकटी एका छोट्या ट्रेलरमध्ये राहते. आमच्या गोलात कधी येत नाही. म्हणते, तुम्ही फार बोलता. तिच्या सायकलपुढच्या टोपलीत, दगडांच्या पिशवीवर, पिकल बसलेली.

"ही कुणाची? माझ्या ट्रेलरखाली शिरली आणि बाहेर निघायला तयार नाही. दोन दिवस मी कडधान्य खातेय आणि ही माझं बेकन! वर ओरडून ओरडून कुणीतरी माझी झोप मोडतोय."

लव्हर्न धावली, टोपलीवरच पडली. पिकलनं तिचं तोंड चाटलं, मग तिच्या खांद्यावरून बघून आर्विडकडे शेपूट हलवायला लागली. सगळ्या तळानं टाळ्या वाजवल्या. विनी म्हणाली, "झालं? मग मी जाते," आणि पाणी भरून गेलीसुद्धा. बेकनची दोन पाकिटं मात्र मेव्हिसनं तिच्या टोपलीत टाकली.

त्या दुपारी सगळ्यांनी घरचं काही ना काही करून आणलं. कुणी बटाटा-खिमा भाजून, कुणी लालभडक जेली, तिच्यात गाजराचा कीस. ओरेगॉनवालाही आला, आणि त्यानं केलेला केक आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला निघाला. आर्विडच्या मांडीवर पिकल. आता खरं तर सगळं मिटलं होतं. आर्विडनं अळीमिळी गुपचिळी केली असती तरी आकाश कोसळलं नसतं. मी त्याच्याकडे बघितलं, आणि कबूल करतो, मलाही मनातून वाटलं, आता जाऊ दे.

पण लव्हर्न आनंदात उभी राहिली, हातात पेला घेऊन. "सगळ्यांसमोर सांगते. यापुढं दाराला मी हात लावणार नाही. सगळं आर्विड बघेल. त्यानं आयुष्यात कुणाला मागं ठेवलं नाही, आणि माझ्यासारख्या बाईला दोन दिवसांत एक शब्द दुखवून बोलला नाही!"

सगळे "वा वा!" म्हणाले. एकानं आर्विडच्या पाठीवर थाप मारली. आर्विडनं पिकलला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठला.

"व्हर्नी, बस खाली."

"का रे?"

"ती तुझ्या पायांतून निसटलीच नसणार. आधीच बाहेर असणार. मी मागं वळून न बघता 'आत' म्हणालो. मला पहिल्यापासून माहीत होतं."

जेलीचा चमचा कुणाच्या तोंडात होता तो तिथंच राहिला. लव्हर्न हसली, गंमत करतोय असं समजून. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू हळूहळू गेलं.

"पहिल्यापासून?"

"गाडीत तू रजई उचललीस तेव्हापासून."

ती माझ्याजवळ आली, पिकलला उचललं आणि सरळ आमच्या ट्रेलरमध्ये गेली. मेव्हिस मला म्हणाली, "तुझी उशी बाहेर घे." म्हणजे मी टोलेफसनांच्या मोटारघरात झोपायला, आणि लव्हर्न माझ्या जागी. आर्विडनं मला त्यांचा चांगला बिछाना दिला आणि स्वतः चालकाच्या खुर्चीत बसून राहिला.

"कुत्री विसरली म्हणून मला एवढं नाही वाटत," तो पुढं काचेकडे बघत म्हणाला. "कुणीही विसरेल. पण ती हात पुढं करून दाखवायची ना, दार कसं धरलं होतं ते... आणि मी बघायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगू. आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जड व्हायचं."

मी म्हणालो, "झोप."

लव्हर्न आमच्याकडे बरेच दिवस राहिली. मेव्हिसबरोबर पत्ते खेळायची, पिकलला फिरवायची, आर्विड समोरून आला की बाजूनं जायची. तो रोज सकाळी कॉफी आणून आमच्या पायरीवर ठेवायचा. पहिल्या दिवसांत ती तिनं खडीवर ओतली. मग एके दिवशी प्यायली. तरी पेला पायरीवर ठेवून बाजूनंच गेली.

शेवटी एका सकाळी ती पिकलला त्यांच्या मोटारघरात रजईखाली ठेवून आली आणि आमच्याकडची पिशवी घेऊन बाहेर पडली. आर्विड पायरीपाशीच उभा होता.

"ऐक," ती म्हणाली. "कुत्रं सुटलं त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी स्वतःला जोड्यानं मारत होते, आणि तू शेजारी उभा राहून बघत होतास. ते मला अजून गिळता येत नाही. गिळेन कधीतरी. आज नाही."

"बरोबर आहे," आर्विड म्हणाला.

"बरोबर आहे काय! भांड तरी!"

"काय घेऊन भांडू?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी वाढलेली, सदरा झुडपावरून काढून तसाच घातलेला, त्यावर काटे.

"किल्ली दे," ती म्हणाली. "आज मी चालवते. तू मागं बस, पिकलजवळ."

त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर सुकाणू धरलेलं. मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं मुकाट किल्ली दिली आणि मागं जाऊन बिछान्यावर बसला. पिकल रजईखालून निघाली, दोन गिरक्या घेतल्या आणि त्याच्या मांडीवर चढून त्याची हनुवटी चाटायला लागली. आर्विड मान बाजूला घेत होता, ती परत चाटत होती. खिडकी उघडी होती, मी निरोप द्यायला खाली उभा. तो मला म्हणाला, "हिनं एकदा तरी गुरगुरावं रे माझ्यावर. हे असं सोसत नाही."

पुढून लव्हर्ननं गियर टाकत आवाज दिला, "तिच्या वाटचं मी गुरगुरते आहे. तू धरून बस."