साडूने आधी पाहिलेली गाडी

पेणच्या रामवाडीचा काळुराम मेस्त्री तसा वाईट माणूस नव्हे, पण रोह्याच्या हसुरामचं नाव काढलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. हसुराम त्याचा साडू. बायको इंदुबाईच्या पाठची बहीण सगुणा, तिचा नवरा. मिठागरात मीठ ओढणाऱ्या या हसुरामला लग्नानंतर काळुरामनेच आपल्या गॅरेजात घेतलं, नट कुठल्या अंगाला फिरवला की सैल होतो इथपासून शिकवलं. आणि शिकून हा गडी करतो काय, तर मुंबईला जाऊन नव्या गाड्यांचा तीन महिन्यांचा कोर्स करून येतो आणि रोह्यात स्वतःचं गॅरेज काढतो! बरं, काढलं तर काढलं, गपगुमान चालवावं. तर शेजारच्या धाटावच्या कंपन्यांतले साहेब लोक त्याच्याकडे गाड्या लावायला लागले, आणि सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता ‘आमचा हसुराम’. काळुराम काय परका होता? थोरला जावई होता की!

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका दुपारी डॉक्टर लतिकाबाई गाडी घेऊन आल्या. दवाखाना पेणला, आणि दर गुरुवारी त्या रोह्याला पेशंट तपासायला जायच्या. त्यांची जुनी गाडी काळुरामने बारा वर्षं सांभाळली होती. ही आता घेतलेली सेकंडहँड, पण सोळा व्हॉल्व्हची, भारीतली.

“मिसिंग मारतेय, मधूनच झटके खातेय, आणि जळक्या तेलाचा वास येतोय,” बाई म्हणाल्या. “काल रोह्याला हसुरामनी बघितली. ते म्हणाले, इंजिन ठणठणीत आहे, वरच्या झाकणाची, त्या टॅपेट कव्हरची रबरी सीलं गेलीत, तिथून तेल प्लगांवर उतरतंय. पण म्हटलं, तुम्हाला एकदा विचारावं.”

बाईंनी हसुरामला अहोजाहो केलं, तेच आधी झोंबलं.

“त्याला काय कळतंय, बाई? कालपरवापर्यंत मीठ ओढत व्हता. थांबा, आता दाखवतो.”

आता इथे एक सांगायला हवं. जुन्या गाड्यांचे प्लग इंजिनच्या कुशीला उघडे असायचे. पाना लावला, काढला. या गाडीचे प्लग कव्हरच्या मधोमध वीतभर खोल भोकांत बसलेले. वरचं सील फुटलं की त्या भोकात तेल साचतं. तेव्हा आधी फडक्याने भोक कोरडं करायचं आणि मगच प्लग काढायचा. वरचा भाग तेलकट आणि टोक कोरडं, तर तेल वरून येतंय. टोकच भिजलेलं, तर ते खालून, पिस्टनच्या रिंगांतून येतंय. शिवाय रिंगा गेल्या असल्या तर सायलेन्सर निळा धूर ओकणार, तोही बघायचा. पण काळुरामच्या डोळ्यांपुढे धूर कुठला, साडूच दिसत होता. त्याने तसाच पाना भोकात घातला आणि प्लग उपसला. साचलेल्या तेलातून वर येताना तो नखशिखांत भिजला.

“हे बघा टोक! रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल. त्याचं आयकलं असतंत तर वडखळच्या नाक्यावर गाडी बसली असती.”

बाईंनी मान डोलावली आणि गाडी ठेवून गेल्या. काळुरामला असं बरं वाटलं म्हणून सांगू! रविवारी सासुरवाडीला मेव्हण्याची हळद होती. तिथे त्याने ही कथा तीनदा सांगितली, तिसऱ्यांदा तर सासूबाईंना मुद्दाम पुढ्यात बसवून. हसुराम खाली मान घालून ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं, “धूर येत व्हता का, दादा?”

“आता तू मला धूर शिकवणार?” काळुराम गरजला, आणि सगळा मांडव हसला. सगुणा तेवढी उठून आत गेली.

सोमवारी त्याने इंजिन खोललं आणि उजेड टाकून आत पाहिलं. पिस्टन ज्यात फिरतो त्या बोअरवर कारखान्यात मारलेल्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा होत्या. रिंगा काढून पाहिल्या, त्या बोअरमध्ये बसवून फटीत मापाची पत्ती घालून पाहिली. एकीलाही झीज नाही. मग त्याने बाजूला काढलेलं टॅपेट कव्हर उलटं केलं. त्यातली सीलं दगडासारखी कडक झालेली, दोन तर चक्क तडकलेली. हसुरामने गाडी न खोलता सांगितलं होतं तेच.

मेल्याचं बरोबर निघालं!

तेव्हाच बाईंकडे जाऊन सांगायला हवं होतं. गेला नाही. हळदीत तीनदा सांगितलेलं परत कसं गिळायचं? त्याने नव्या रिंगा टाकल्या. इंजिन खोललं की पॅकिंगचा सगळा सेट बदलतातच, त्यात सीलंही नवी आली. गाडी सुतासारखी सरळ झाली. काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा, हा त्याचा वीस वर्षांचा रिवाज. या खेपेला त्याने रिंगा आधीच भंगारात टाकल्या होत्या, पण बाईंनीच “जुनं सामान कुठंय?” म्हणून विचारलं. मग भंगारातून काढून, पेपरात गुंडाळून डिकीत ठेवावं लागलं. कडक झालेली सीलं मात्र त्याने त्यात घातली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी बाई मुद्दाम थांबल्या.

“गाडी छान चाललीय हो. काल रोह्याला हसुरामनाही त्या रिंगा दाखवल्या. म्हटलं, शिकू देत जरा.”

काळुरामने फडक्याला हात पुसले. “काय म्हनला?”

“उजेडात धरून, फिरवून फिरवून बघत होते. मग म्हणाले, ‘माझीच चूक झाली, बाई. दादांनी सांगितलं तेच बरोबर. त्यांच्याच हाताखाली शिकलोय मी.’ सरळ माणूस आहे.”

रिंग चांगली की वाईट हे हसुरामला दहा पावलांवरून कळतं. काळुरामनेच शिकवलं होतं ते. म्हणजे सगळं ओळखून तो गप्प बसला, आणि खोटा दोष डोक्यावर घेऊन मोकळा झाला. काळुरामला आधी संतापच आला. हा हसुराम पाना धरायला शिकून पुढे गेला, कोर्स करून पुढे गेला, आता मोठेपणातही पुढे? थोरला कोण या दोघांत?

बाई गाडीत बसल्या, चावी फिरवली. काळुराम खिडकीशी आला.

“बाई, रिंगा चांगल्या व्हत्या. सीलंच गेली व्हती. हसुराम पयल्या दिवशी बरोबर बोलला. मी उगाच इंजिन खोललं, न् तुमच्यापासून लपवलं.”

बाईंनी इंजिन बंद केलं.

“मग यापुढे गाडी कुठे न्यायची मी, काळुराम?”

पेणमध्ये दुसरं कुणाचंही नाव त्याने हसत सांगितलं असतं.

“रोह्याला न्या,” काळुराम म्हणाला. जळायचं काही तो थांबला नव्हता. “माझ्यापरीस त्याला जास्ती कळतंय.”